किटचं पोहणं आणि पाण्याची परीक्षा

'द विच ऑफ ब्लॅकबर्ड पाँड' या कादंबरीतली नायिका किट बाहुली काढायला पाण्यात उडी मारते आणि तेवढ्यावरून ती चेटकीण असल्याचा लोकांना संशय येतो, हे काही वाचकांना ओढूनताणून वाटतं. मला नाही पटत. चेटकिणीला पाणी पोटात घेत नाही, ती तरंगतेच, अशी तेव्हा पक्की समजूत होती. कादंबरीतला काळ १६८७चा, जागा अमेरिकेतलं कनेक्टिकट. त्याच कनेक्टिकटमध्ये १६९२ साली फेअरफील्डला मर्सी डिस्बरो आणि एलिझाबेथ क्लॉसन यांना चेटकिणी आहेत का हे बघायला हातपाय बांधून पाण्यात टाकलं होतं. बुचासारख्या तरंगल्या, अशी साक्ष झाली! क्लॉसन सुटली, मर्सीला फाशी सुनावली (नंतर ती वाचली).

भाचीला हे सांगितल्यावर ती उडीच्या प्रसंगाकडे परत गेली. ओलीचिंब किट आणि तिच्याकडे बघणारे ते चेहरे, दुसऱ्यांदा वाचताना तिच्या अंगावर काटा आला.