वळिवड्याचा पोलिश कॅम्प: आजीच्या आठवणी कशा नोंदवाव्यात?

उचगावची_नात

नमस्कार मंडळी. माझ्या आजीचं माहेर वळिवडे, कोल्हापूरपासून हाकेच्या अंतरावर. आता तिनं नव्वदी ओलांडली आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिच्या गावाला लागून पोलंडच्या निर्वासितांचा कॅम्प होता. जवळपास ५००० माणसं, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. पणजी तिथं अंडी, मेथी, वांगी विकायला जायची आणि बुट्टी सांभाळायला आजीला बरोबर न्यायची. आजी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेल.

"पोलंडच्या बायका" हा आमच्या घरात कायमचा विषय. त्यातली एक गोष्ट मी शाळेत असल्यापासून ऐकत आले आहे. तिच्याच शब्दांत लिहिते:

"एक उंच बाई व्हती. आय अंडी मोजून देत व्हती. त्या बाईच्या हातनं पावाचा तुकडा खाली मातीत पडला. तिनं उचलला, त्येचा मुका घेतला आन् खाल्ला. आय बगतच राह्यली. वाटंत म्हणाली, ह्या बायकास्नी भूक ठावी हाय गं."

आता अडचण सांगते. २०१९ मध्ये त्या कॅम्पात वाढलेली काही माणसं म्हातारपणी कोल्हापूरला येऊन गेली, पेपरांत फोटो आले. मग ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकापाशी गेले, तेव्हा आजी दिवसभर टीव्हीसमोरून हलली नाही. तेव्हापासून तिच्या सांगण्यात सायबेरिया आलाय, महाराज आलेत, महाराजांनी पोरांना जवळ घेतलं हेही आलंय. पूर्वी यातलं काही नव्हतं. काका म्हणतात, आता ती ऐकलेलंच सांगते, तू कशाला त्रास देतेस. मला ते पटत नाही. तिचं स्वतःचं जे आहे ते अजून तिच्याकडे आहे, फक्त वर बरंच काही साचलंय. ते कसं काढू? मोबाईल समोर धरला की ती पदर सावरून भाषण दिल्यासारखं बोलते.

पंचगंगाकाठ

पहिल्यांदा त्या पावाबद्दल. पोलंडमध्ये जुन्या वळणाच्या घरांत पाव खाली पडला तर उचलून त्याचा मुका घेतात. त्यामुळे आजींनी पाहिलं ते खरं आहे. आणि पणजींनी जो अर्थ लावला तोही खरा.

१७ सप्टेंबर १९३९ ला सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या. फेब्रुवारी १९४० पासून तिथल्या कुटुंबांना गुरांच्या डब्यांत कोंबून सायबेरियात आणि कझाकस्तानात पाठवलं. लाकूडतोड, शेतकाम, आणि जेवढं काम तेवढाच पाव. बाप कुठल्यातरी तुरुंगात नाहीतर कायमचा गेलेला. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, मग स्टालिननं या लोकांना सोडायचं कबूल केलं. मिळेल त्या गाडीनं लोक दक्षिणेकडे निघाले. १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरले, आणि अन्न मिळायला लागल्यावरही टायफस नावाच्या तापानं आणि हगवणीनं माणसं मेली. त्यातून उरलेले कराचीमार्गे आपल्याकडे आले. तुमच्या पणजींच्या समोर उभी असलेली बाई एवढं सगळं मागे टाकून आली होती. दोन-तीन वर्षं तिनं पावाचा तुकडा कसा मिळतो ते पाहिलं होतं.

आता महाराजांचं. नवानगर (जामनगर) संस्थानचे राजे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी पोलिश मुलांना आपलं म्हटलं ती हकीकत जामनगरजवळच्या बालाचडीची. तो कॅम्प १९४६ मध्ये बंद झाल्यावर तिथली बरीच मुलं वळिवड्याला आली. वळिवड्याची जमीन कोल्हापूर संस्थानातली, पण खर्च लंडनमध्ये बसलेलं परागंदा पोलिश सरकार करत होतं. टीव्हीवर या दोन गोष्टींचा काला होतो आणि तोच आजींच्या बोलण्यात उतरलाय. म्हणून तिला खोडू मात्र नका. एकदा खोडलं की म्हातारी माणसं गप्प बसतात, मग काहीच हाती लागत नाही. ऐकून घ्या, वहीत बाजूला खूण करा, पुढे चला.

आणि "कसं वाटलं?" हा प्रश्न विचारूच नका. वाट विचारा. घरातून निघालात की ओढा कुठल्या अंगाला? रेल्वेची लाईन ओलांडायची का? बुट्टी कुणाच्या डोक्यावर? पैसे कुठं बांधायचे? उधारी असायची का? टीव्हीवाल्यांनी यातलं काहीच सांगितलेलं नाही, त्यामुळे जे येईल ते तिचंच असेल. जुने फोटो आधी दाखवू नका, सगळ्यात शेवटी दाखवा.

गांधीनगर_तिसरी_पिढी

हा धागा वाचून राहवलं नाही. आम्ही सिंधी. पोलिश लोक गेले आणि त्याच रिकाम्या बराकींत फाळणीनंतर आमची माणसं आली. आज जिथं कापडाचा होलसेल बाजार भरतो ते गांधीनगर म्हणजे तोच कॅम्प. बाजाराला येणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत आहे, देव जाणे.

आमची दादी सांगायची, खोली मिळाली तेव्हा व्हरांड्याच्या खांबावर एक वेल चढलेला होता. फुलं कसली ते तिला कधी कळलं नाही. दादाजी तो काढून तिथं सामान ठेवणार होते. तिनं काढू दिला नाही. म्हणाली, "आपलं अंगण तिकडं कुणीतरी पाणी घालून जगवत असेल, तर हे आपण जगवू." त्यांचं घर शिकारपूरला होतं. परत कधीच पाहिलं नाही.

त्या पोलिश लोकांचंही तेच झालं ना? युद्ध संपलं, पण त्यांची गावं सोव्हिएत संघात गेली. बरेच जण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाला गेले. एकाच छपराखाली पाठोपाठ दोन मुलखांची उठवलेली माणसं राहून गेली. आजींना आमचे लोक आल्याचं काही आठवतं का, तेही विचाराल का? आमच्या घरातलं विचारायला आता कुणी उरलेलं नाही.

साधा_माणूस

मोबाईल समोर धरू नका. तांदळाच्या डब्याच्या आड उलटा ठेवा, पण रेकॉर्ड करतेय हे आजीला आधी सांगा आणि तिचा होकार घ्या. तिला हाताला काम द्या. आणि लिहून काढताना तिची भाषा पुस्तकी करू नका. "आन् खाल्ला" असंच राहू द्या.

उचगावची_नात

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी तिला मेथी निवडायला बसवलं, मोबाईल शेजारी पाटावर. आधी सांगितलं, ती म्हणाली, "कर की, मी काय चोरी केलीया व्हय." पाच मिनिटांत विसरली.

वाटेपासून सुरुवात केली. ओढा, चिंचेचं झाड, लाईन ओलांडताना पणजी दंड कसा घट्ट धरायची, सगळं आलं. मग पैशांचं विचारलं आणि जे आलं ते आमच्या घरात कुणीच कधी ऐकलेलं नव्हतं:

"पयल्यांदा आय त्यास्नी जादा भाव लावायची. गावात येक, कॅम्पात येक. त्यास्नी काय कळतंय म्हणायची. त्या पावाचं बगितलं, त्या दिसापासनं न्हाई लावला. उलट येक अंडं वरचं टाकायची. मी इच्यारलं तर म्हणाली, गप बस."

काका दारात उभे राहून ऐकत होते. ते आत येऊन बसले आणि पुढचे प्रश्न त्यांनीच विचारले. स्वतःच्या आईबद्दल असं कुणी टीव्हीवरून ऐकून सांगत नाही, हे त्यांनाही पटलं.

पंचगंगाकाठ, महाराजही आले मध्येच, मी वहीत खूण केली, खोडलं नाही. गांधीनगर, तुमचं विचारलं. सिंधी लोक आले तेव्हा तिचं लग्न ठरत होतं, कॅम्पात जाणं बंद झालं होतं. पण तिची धाकटी बहीण पुढेही दूध घालायला जायची. ती गडमुडशिंगीत असते, कान पक्के आहेत. पुढच्या रविवारी तिच्याकडे जाणार आहे. तुम्हाला जमत असेल तर बरोबर चला, तुमचे प्रश्न तुम्हीच विचारा.

आणि वळिवडे, चिंचवाड, उचगाव, सरनोबतवाडी या भागात कुणाच्या घरी पंच्याऐंशीच्या पुढचं माणूस असेल तर मला निरोप करा. दिवाळीपर्यंत थांबू नका.