टुलुमला आई-बाबांना घेऊन: मे की डिसेंबर?

मुक्तछंदी: आई-बाबा अमेरिकेत आमच्याकडे आलेत. त्यांना घेऊन मेक्सिकोतल्या टुलुमला जावं म्हणतोय. समुद्रकाठचे प्राचीन माया संस्कृतीचे अवशेष बघायचे आणि त्याच राष्ट्रीय उद्यानातल्या किनाऱ्यावर निवांत बसायचं, एवढाच बेत. आईचे गुडघे कुरकुरतात. मे बरा की डिसेंबर? आणि दोघांना वेगळा व्हिसा लागेल का?

खडकवासी: डिसेंबर, डोळे झाकून. साधारण एप्रिल ते ऑगस्ट सार्गासम नावाचं तपकिरी शेवाळ ढिगांनी किनाऱ्याला लागतं आणि कुजलं की सडक्या अंड्यांसारखा वास मारतं. ते ओसरेपर्यंत वादळांचा हंगाम, तो नोव्हेंबरपर्यंत. पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा लागत नाही. परत अमेरिकेत शिरता येईल असा, एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना, तेवढं बघा.

गोगलगाय: मे अगदीच टाकाऊ नाही हं, तेव्हापासून कासवं अंडी घालायला येतात. पण ती रात्रीची, आई-बाबांना काय उपयोग!

फिरस्ती मावशी: गुडघ्यांचं मी सांगते. उद्यान जेमतेम ६६४ हेक्टरचं, तरी गाडी लावल्यापासून बरंच चालावं लागतं. अवशेषांत वाट बहुतेक सपाट आहे आणि वास्तूंवर कुणालाच चढू देत नाहीत, त्यामुळे आई एकट्या खाली बसून राहिल्या असं व्हायचं नाही. सावली मात्र नावालाच. सकाळी ८ वाजता उघडतं तेव्हाच दारात हजर राहा, नंतर कानकून या पर्यटकांच्या शहरातून बसगाड्या येतात. आधी अवशेष, मग समुद्र. उलटं केलंत तर अंगाला वाळू आणि डोक्यावर दुपार!

मुक्तछंदी: मग डिसेंबरच. अवशेषांत काय चुकवू नये?

खडकवासी: तीन बाजूंनी दगडी तट, चौथ्या बाजूला सुमारे १२ मीटरचा कडा. कड्यावरच्या 'कास्तियो' या मुख्य वास्तूपुढे सगळे फोटोला गर्दी करतात. मी म्हणेन, भित्तिचित्रांच्या मंदिरापाशी रेंगाळा. त्याच्या कोपऱ्यांवर मोठाले चेहरे आहेत आणि कोनाड्यात डोकं खाली, पाय वर असा देव. कास्तियोच्या पायथ्याशी छोटी पुळण दिसेल, तिथे व्यापाऱ्यांच्या होड्या लागत. समोरच्या प्रवाळभिंतीत नेमकी तिथेच फट आहे.

फिरस्ती मावशी: तिकिटं पुरातत्त्व स्थळाचं वेगळं आणि उद्यानाचं वेगळं, तेव्हा रोख पेसो जवळ असू द्या. प्लास्टिकच्या बाटल्या आत नेऊ देत नाहीत, स्टीलच्या घ्या.