आपापलं वचन : बायबलच्या अर्थावरून घरात आणि मंडळीत (चर्चमध्ये) झालेले वाद (अनुभव धागा)

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात बायबल वाचणारे तसे थोडेच, पण त्या थोड्यांतही किती तऱ्हा. कोणी तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करतं, तर कोणी जाणत्या वयाशिवाय पाण्यात उतरवत नाही. कोणाची उपासना रविवारी, कोणाचा शब्बाथ शनिवारी. कोणाच्या घरात मरियामातेची तसबीर दिसेल, कोणाच्या घरात साधा क्रूसही नसेल. आणि विचारलं की प्रत्येक जण बायबलच उघडून दाखवतो!

आमच्या शास्त्राभ्यासात हा विषय निघाला की हमरीतुमरी होते, आणि मग "जाऊ दे, सगळ्यांचा देव एकच" म्हणून झाकण घातलं जातं. मला ते पटत नाही. वाद का होतात हे नीट पाहायला हवं. म्हणून हा धागा.

लिहिताना एवढंच सांभाळा : कोणत्या वचनावरून वाद झाला ते लिहा, समोरच्याने कोणतं वचन काढलं तेही लिहा. मंडळीचं किंवा पाळकांचं नाव नको. नाव द्यायचं नसेल तर गाव आणि काम सांगा, पुरे.

वाद घालणं म्हणजे विश्वास कमी, असं समजू नका. प्रेषितांची कृत्ये १५ वाचा. येशूला प्रत्यक्ष पाहिलेली माणसं यरुशलेमेत जमली आणि सुंतेवरून त्यांच्यात पुष्कळ वादविवाद झाला. तो लपवायचा असता तर लूकने लिहिलाच नसता.

गृहिणी, टेंबलाईवाडीजवळ

आमच्याकडे दर आषाढात हा वाद ठरलेला. टेंबलाई देवीची जत्रा झाली की गल्लीत म्हाई, म्हणजे मटणाचं जेवण, होते. समोरच्या काकू आमच्या लग्नाच्या आधीपासून मटणाचा वाटा पाठवतात. पातेलं दारात आलं की आमच्या घरात तीन बायबलं उघडतात.

सासऱ्यांचं वचन १ करिंथ १०:२७, म्हणजे प्रेषित पौलाचं करिंथच्या मंडळीला पहिलं पत्र. बाहेरच्या कोणी जेवायला बोलावलं तर पुढे वाढलेलं चौकशी न करता खा, असं पौल सांगतो. सासरे म्हणतात, "काकूंनी प्रेमानं दिलंय, घ्या." सासूबाई लगेच पुढचीच ओळ वाचतात : पण कोणी सांगितलं की हे अर्पण केलेलं आहे, तर खाऊ नका. आणि काकू तर दारातच सांगतात, "वहिनी, देवीला दाखवलंय बरं का!" त्या बिचाऱ्या मानानं सांगतात आणि नेमकी अट्ठाविसावी ओळ लागू होते.

दीर नव्या सहभागितेत (वेगळ्या प्रार्थनामंडळीत) जातात. ते प्रकटीकरण २ काढतात. तिथे मूर्तीला वाहिलेलं खाण्यावरून पर्गम आणि थुवतीरा इथल्या मंडळ्यांना कडक शब्दांत सुनावलंय. त्यांच्या मते पातेलं उंबऱ्याच्या आतच यायला नको.

आता खरी गोष्ट. याच दीरांना रक्ती, म्हणजे बकऱ्याचं रक्त, भारी आवडते. शनिवारी खाटकाकडून रक्ती आणि मुंडी आणतात, कांदा-चटणी घालून स्वतः परततात. एकदा मी प्रेषित १५:२९ त्यांच्यापुढे ठेवलं. मूर्तीला वाहिलेलं खाऊ नका, असं ज्या वाक्यात सांगितलंय, त्याच वाक्यात रक्तही वर्ज्य करा असं आहे. दीर म्हणाले, "ते त्या काळच्या यहुद्यांना वाईट वाटू नये म्हणून होतं." मी विचारलं, "मग अर्पणाचं?" त्यावर ते गप्प बसले. रक्ती मात्र अजून चालू आहे.

वाद काकूंच्या कानावर गेला. पुढच्या वर्षी त्यांनी नैवेद्य दाखवायच्या आधीच आमचा वाटा वेगळा काढला आणि दारात सांगितलं, "ह्यो आधीच काढलाय, देवीला दाखवलेला न्हाई." सासूबाईंनी दोन्ही हातांनी पातेलं घेतलं. पौलाने १ करिंथ ८ मध्ये दुसऱ्याच्या मनाला जपायला सांगितलंय. आमच्या घरात ते वचन कोणी काढलं नव्हतं. काकूंनी न वाचता पाळलं.

धागाकर्ता

ताई, तुमच्या दिरांचं उदाहरण अभ्यासवर्गात सांगण्यासारखं आहे. एका वाक्याचा अर्धा भाग सर्वकाळासाठी आणि अर्धा त्या काळापुरता, असं आपण सगळेच करतो. फक्त कुठे रेघ मारतो ते वेगळं.

शिक्षिका, कसबा बावडा

माझं माहेर कॅथलिक, सासर प्रॉटेस्टंट. मुलगी माझ्याबरोबर मिस्सेला (आमच्या कॅथलिक उपासनेला) यायची आणि बाबांबरोबर शब्बाथशाळेत जायची. एकदा तिला विचारलं, सहावी आज्ञा कोणती? ती म्हणाली, "कुठली सांगू, तुझी की बाबांची?"

तिचं बरोबर होतं. आमच्याकडे सहावी आज्ञा व्यभिचाराची, त्यांच्याकडे खुनाची. बायबल सांगतं की आज्ञा दहा आहेत, पण निर्गम २० मध्ये त्यांना क्रमांक घातलेले नाहीत. आम्ही संत ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती आचार्याच्या परंपरेने मूर्तीची आज्ञा पहिलीतच धरतो आणि शेवटी लोभाच्या दोन करतो. ते मूर्तीची आज्ञा वेगळी मोजतात. मजकुरात काडीचा फरक नाही, पण त्यांच्याकडे मूर्तीबद्दलची आज्ञा ठळक दुसरी होऊन बसते. भिंतीवर तसबीर लावायची की नाही, हा आमचा वाद अर्धाअधिक तिथूनच आला.

सासरे गेले तेव्हा मात्र मनाला लागलं. त्यांच्या आत्म्यासाठी मिस्सा वाहावी अशी माझी फार इच्छा होती. नणंद म्हणाली, "वहिनी, मेलेल्यांसाठी प्रार्थना बायबलात दाखव." मी २ मक्काबी १२ काढलं. यहूदाने युद्धात पडलेल्यांसाठी प्रार्थना आणि अर्पण करवलं, ते तिथे आहे. तिने आपलं बायबल पुढे केलं. त्यात मक्काबीच नाही. माझ्या बायबलात ७३ पुस्तकं, तिच्यात ६६. अर्थावर वाद घालायला आधी पान तरी दोघींकडे हवं ना!

मिस्सा झाली. नणंद आली नाही, पण तिने त्या दिवशी घरी सगळ्यांचा स्वयंपाक केला.

परिचारिका, कोडोली

मी थोडं रागाने लिहिणार आहे, समजून घ्या.

आमच्या ओळखीतल्या एका मुलीला लहानपणापासून मधुमेह, इन्सुलिनवर होती. एका प्रार्थनासभेत तिच्यावर हात ठेवून प्रार्थना झाली आणि घरच्यांना सांगितलं गेलं की आता सुई घेणं म्हणजे अविश्वास. वचन दिलं याकोब ५:१४-१५ : वडिलांना (मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना) बोलवा, तेल लावा, विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील. शिवाय २ इतिहास १६ मधला आसा राजा, जो परमेश्वराकडे न जाता वैद्यांकडे गेला आणि मेला.

पोरगी आमच्याकडे आली तेव्हा उलट्या चालू होत्या, श्वास खोल आणि जोरात, तोंडाला कुजकट गोड वास. असा वास आला की आम्हाला रिपोर्टची वाट पाहावी लागत नाही. सलाईन, इन्सुलिन, रात्रभर तासातासाला साखर तपासणी. वाचली.

तिच्या आईशी मी बोलले. तिला उपदेश नको होता, वचन हवं होतं. म्हणून वचनच दिलं. यशया ३८:२१. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता, देवाने प्रार्थना ऐकून पंधरा वर्षं वाढवून दिली, आणि तरीही यशया संदेष्ट्याने अंजिराचं पोटीस गळवावर बांधायला सांगितलं. लूक १० मधला शोमरोनी जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओततो. तेल त्या काळी औषधच होतं. आणि कलस्सैकरांस पत्राच्या शेवटी पौल लूकला प्रिय वैद्य म्हणतो.

आईने विचारलं, "मग त्यांनी हे का नाही दाखवलं?" मी काय सांगणार? इथून जवळ मिरजेला मिशनरी डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना सुरू केला. तेही प्रार्थना करणारेच होते, आणि शस्त्रक्रियाही करायचे.

मंडळ कार्यकर्ती, गडहिंग्लज

माझं थोडक्यात. महिला दिनाच्या उपासनेत मी संदेश द्यावा असं ठरलं, तर मंडळीतल्या एका वडिलांनी १ करिंथ १४:३४ वाचून दाखवलं की स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं. मी त्याच पत्राचा अकरावा अध्याय वाचला. तिथे स्त्रीने प्रार्थना करताना किंवा संदेश देताना डोकं झाकावं असं आहे. बोलायचंच नसेल तर झाकायचं कशाला सांगितलं असतं? संदेश दिला, पदर घेऊन दिला.

हातकणंगले तालुका, वायरमन

आमचे आजोबा बीडकडचे, ऊसतोडीला इकडे यायचे, पुढे इथेच राहिले. अक्षरओळख नव्हती. बायबल सगळं कानांनी ऐकलेलं.

एका हंगामात मुकादमाने टोळीचा हिशेब अडकवला. उचल फिटली असं टोळीचं म्हणणं, नाही फिटली असं मुकादमाचं. टोळीने कोयते खाली ठेवले. तेव्हा खोपींवर प्रार्थनेला एक उपदेशक यायचे. त्यांनी रोम १३ वाचलं : अधिकाऱ्यांच्या अधीन राहा. त्यांचा हेतू वाईट नव्हता. मारामारी होईल, पोरंबाळं उपाशी राहतील, ही त्यांची काळजी.

वाचन झाल्यावर आजोबा उभे राहिले. "मास्तर, याकोब काढा. पाचवा अध्याय." आणि पुस्तक उघडायच्या आतच तोंडपाठ म्हणाले : ज्यांनी तुमची शेतं कापली त्यांची अडकवलेली मजुरी ओरडत आहे, आणि कापणाऱ्यांची आरोळी सेनाधीश प्रभूच्या कानी गेली आहे. आजी सांगायची, त्या वेळी पाचटाच्या खोपीसमोर पन्नासेक माणसं बसली होती, कोणी खोकलंसुद्धा नाही.

उपदेशकांनी ते वचन पुन्हा स्वतः वाचलं. मग अनुवाद २४ पण वाचलं, मजुराची मजुरी दिवस मावळायच्या आत द्या म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी टोळीबरोबर मुकादमाकडे गेले. सगळे पैसे मिळाले नाहीत, पण हिशेबाची वही उघडली गेली.

आजोबांनी रोम १३ खोटं आहे असं कधी म्हटलं नाही. त्यांचं म्हणणं, "ते वचन मुकादमापुढं बी वाचा की."

धागाकर्ता

दादा, हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही.

इथल्या मिशनच्या इतिहासातला एक संदर्भ जोडतो. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, आणि १८७० मध्ये इथलं काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेलं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं त्या १८६१ साली हाच पंथ उत्तर आणि दक्षिण असा फुटला होता. गुलामगिरीच्या बाजूचे इफिस ६ दाखवत, दासांनो, धन्यांच्या आज्ञेत राहा. विरोधातले निर्गम दाखवत, जिथे देव मोशेच्या हातून गुलामांना सोडवतो. गुलामांच्या झोपड्यांतून मोशेचीच गाणी गायली जात. ज्याच्या डोक्यावर मोळी आहे त्याला निर्गम आधी दिसतं. ज्याच्याकडे वही आहे त्याला रोम १३.

वकील, नागाळा पार्क

मी ख्रिस्ती नाही. एका ख्रिस्ती मित्रामुळे बायबल वाचलं, तेही आमच्या धंद्याच्या सवयीने.

कायद्यात दोन कलमं एकमेकांना छेद देतात तेव्हा कोणतं वरचढ, याचे नियम असतात. विशेष कलम सर्वसाधारण कलमावर मात करतं, नंतरचा कायदा आधीच्यावर. बायबल वाचणारेही तेच करतात, पण नियम प्रत्येकाचे वेगळे. मित्र म्हणतो, नवा करार जुन्यावर मात करतो. मग मत्तय ५:१७ चं काय? तिथे येशू म्हणतो, मी नियमशास्त्र रद्द करायला आलो नाही. पौल रोम ३ मध्ये म्हणतो, माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो, कर्मांनी नाही. याकोब दुसऱ्या अध्यायात म्हणतो, केवळ विश्वासाने नाही. आणि दोघेही दाखला देतात तो अब्राहामाचाच! प्रॉटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या ल्यूथरने याकोबाचं पत्र खाली ढकललं, कारण त्याने पौलाला मुख्य कलम मानलं. याकोबाला मुख्य मानणारा पौलाला याकोबाच्या प्रकाशात वाचणार.

दुसरं म्हणजे निकाल कोण देणार? कॅथलिकांकडे शेवटचा शब्द देणारी यंत्रणा आहे. प्रॉटेस्टंटांनी तो अधिकार एका पीठाकडे ठेवला नाही, त्यामुळे तिथे निकाल न लागता नवीन मंडळी निघते. हे दोष म्हणून लिहीत नाही. शेवटचा शब्द एकाकडे असता, तर वरच्या आजोबांना उभं राहता आलं असतं का?

धागाकर्ता

वकीलसाहेब, मनापासून आभार. यात भर एवढीच : आपण ज्यावरून भांडतो ते अध्याय आणि वचनांचे आकडे मूळ लेखनात नव्हतेच. अध्याय तेराव्या शतकात पडले. नव्या कराराला आजचे वचनक्रमांक रॉबर्ट एस्तिएन या छापखानेवाल्याने १५५१ मध्ये घातले. सापडायला सोय झाली, पण एकेक ओळ सुटी उचलायचीही सोय झाली. करिंथच्या मंडळीने पौलाचं पत्र आधी असं तुकड्यांत ऐकलं नसेल, सलग ऐकलं असेल. आणि त्याआधी त्यांनी स्वतः पौलाला काय लिहिलं होतं तेही त्यांना ठाऊक होतं. ते पत्र आपल्याकडे नाही. आपण फोनवरचं एका बाजूचं बोलणं ऐकतोय.

एकाने खासगीत विचारलं, "म्हणजे सगळ्यांचं बरोबर?" नाही. मत्तय ४ मध्ये सैतानही स्तोत्र ९१ मधलं वचन देतो, आणि येशू त्याला दुसरं वचन देऊन थांबवतो. इन्सुलिन बंद करायला लावणारा अर्थ चुकीचाच आहे, त्यात मला शंका नाही. तान्ह्याचा बाप्तिस्मा करावा की जाणत्याचा, यावर मात्र मी दोन्ही बाजूंच्या प्रामाणिक माणसांबरोबर जेवलो आहे. प्रेषित १६ मध्ये तुरुंगाच्या नायकाच्या घरच्या सगळ्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या घरात पाळण्यातलं मूल होतं की नाही, हे लूकने लिहिलेलं नाही.

शनिवार-रविवारबद्दल अजून कोणी लिहिलेलं नाही. प्रकटीकरणातल्या ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्यावरून तर इचलकरंजीच्या एका गटात चांगलीच जुंपली होती असं ऐकलंय. त्यांच्यापैकी कोणी वाचत असेल तर जरूर लिहा, दोन्ही बाजूंनी.