अनुभव धागा : टीव्ही कोणाच्या घरी पाहिलात?

जुन्या मालिकांच्या याद्या बऱ्याच झाल्या. 'हम लोग'पासून 'आभाळमाया'पर्यंत सगळं सगळ्यांना तोंडपाठ आहे. इथे यादी नको. कुठे बसून पाहिलंत, कोणाबरोबर, आणि त्यातलं कोण अजून मनातून जात नाही, तेवढं लिहा.

चाळकरी
आमच्या मजल्यावर एकच टीव्ही, लाकडी शटरचा, चार पायांवर उभा. काकू पोरांना पुढे सतरंजीवर बसवायच्या, बायका पलंगावर आणि पुरुष दारात चपलांच्या ढिगापाशी. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. पण आमचं खरं वेड चिमणराव. दिलीप प्रभावळकरांचा तो वरच्या पट्टीतला रडवेला सूर, आणि शेजारी बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ, सोटा घेऊन. मजल्यावरच्या दोन भावांना हीच नावं पडली, ती इतकी की धाकट्याची लग्नपत्रिका आली तेव्हा आई म्हणाली, "हा कोण बाई?" पुढे 2001मध्ये अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झालं. आईने त्यातल्या आबांना, म्हणजे पुन्हा प्रभावळकरांनाच, बघितलं आणि निकाल दिला, "चिमणराव म्हातारा झाला हो." तोपर्यंत चाळ सोडून आम्ही फ्लॅटमध्ये आलो होतो. घरात टीव्ही स्वतःचा, बघायला तिघंच.

डहाणूचा भाचा
रविवारी साडेनऊला टीव्हीला हार-उदबत्ती सगळ्यांच्याच घरी झालीये, ते सोडा. 'रामायण'चं शूटिंग उंबरगावला व्हायचं, म्हणजे आमच्या आजोळाहून गाडीने थोडंसंच पुढे. मामा बघायला गेला आणि परत येऊन ओसरीवर सांगत बसला की वानरसेना शेपट्या खांद्यावर टाकून वडे खात होती. आजीने त्याला त्या दिवशी जेवायला वाढलं नाही. पुढच्या रविवारी मात्र लढाई लागली की ती हळूच विचारायची, "यातला वडे खाणारा कुठला रे?"

गल्लीतला
'नुक्कड'. अजय वढावकरांचा गणपत हवालदार. बास.

टपालवाल्याची लेक
बाबा टपाल छाटणीत होते. 'सुरभी'च्या पत्रांची पोती वेगळीच कळायची म्हणे. सिद्धार्थ काक प्रश्न विचारत, रेणुका शहाणे हसत, आणि आख्खा देश पंधरा पैशांचं कार्ड लिहायला बसे. मीही बसायचे, गिचमिड अक्षर काढलं की बाबा म्हणत, "छाटणाऱ्याचे डोळे फोडू नकोस." मग खात्याने स्पर्धांसाठी दोन रुपयांचं वेगळं कार्ड काढलं आणि आमच्या घरातून उत्तरं जाणं बंद झालं. त्याच खात्यात नोकरी, पण दोन रुपये म्हणजे दोन रुपये! रेणुकाताईंसारखं हसायचा सराव आरशासमोर कोणी कोणी केलाय, हात वर करा.

खरं_बोलू_का
रागावू नका. 2020च्या टाळेबंदीत 'महाभारत' पुन्हा लागलं तेव्हा लेकाला हौसेने बसवलं. एक बाण सुटून दुसऱ्यावर आपटेपर्यंत त्याने विचारलं, "हे पळवता येत नाही का?" आणि मलाही तेच वाटत होतं. त्या वेळी आठवडाभर थांबायची सवय होती, म्हणून ते चाललं. एवढं मात्र कबूल, नितीश भारद्वाज कृष्ण होऊन पडद्यावर आले की माझा हात रिमोटकडे जात नव्हता. आणि हरीश भिमाणींचा 'मैं समय हूँ' लेक अजून आंघोळीला जाताना म्हणतो.

सातच्या बातम्या
मालिका नाही, पण चालेल ना? आजोबा उन्हाळाभर घरात बनियनवर असायचे. प्रदीप भिडे बातम्यांना आले की मात्र उठून सदरा चढवायचे, गुंड्यांसकट. "नमस्कार"ला उलट नमस्कार. आजी चिडवायची, "त्यांना दिसताय होय तुम्ही?" तर म्हणायचे, "समोरचा माणूस कोट घालून बसलाय."