परसबागेतील लव्हाळा आणि गाजरगवत: तणनाशक न वापरता काय करावे?

प्रश्न (अंबाजोगाई)
नमस्कार. आमच्या घरामागे काळ्या, भारी जमिनीत छोटी परसबाग असून तीत वांगी, मिरची आणि मेथी आहे. पाऊस पडला की वाफ्यांत लव्हाळा माजतो आणि कुंपणालगत गाजरगवत वाढते. घरात लहान मुले आहेत, भाजीही घरीच खायची आहे, त्यामुळे तणनाशक मारायचे नाही हे पक्के आहे. खुरपलेला लव्हाळा मात्र काही दिवसांतच पुन्हा वर येतो. शेजारी मिठाचे पाणी ओतायला सांगतात, ते योग्य ठरेल का?

उत्तर (परभणी)
ताई, मीठ कृपया टाकू नका. भारी जमिनीत निचरा सावकाश होत असल्यामुळे ते मुळांपाशीच साठते आणि मिरचीसारखे नाजूक पीक आधी जाते.
लव्हाळ्याचे खरे बळ जमिनीखालच्या गाठींत असते. पात उपटली तरी गाठ आत राहते, आणि गाठींची साखळी तुटली की सुटी झालेली प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे फुटू लागते. म्हणून वाफसा आल्यावर कुदळीने वीतभर खोल खणावे, ढेकळे हाताने फोडून काळपट गाठी वेचाव्यात आणि त्या खताच्या खड्ड्यात न टाकता पत्र्यावर कडक उन्हात वाळवाव्यात. मागे राहिलेल्या गाठींना उपाशी ठेवणे हाच उपाय आहे: कोवळी पात तीन-चार पानांची होताच खुरपावी, कारण वाढलेली पात गाठीत पुन्हा अन्न साठवते. यात चिकाटी लागते, एका हंगामात लव्हाळा संपत नाही.

उत्तर (लातूर)
वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, म्हणून रिकामा वाफा तसाच न ठेवता त्यात चवळी किंवा ताग दाट पेरावा. सोयाबीनच्या भुसकटाचे चार बोटे जाड आच्छादन केना, घोळ अशा तणांना दाबते. लव्हाळ्याचा टोकदार कोंब मात्र त्यातूनही वर येतो. (घोळ फेकू नये, तिची भाजी उत्तम होते.) एप्रिल-मे महिन्यांत वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरावे व कडा मातीने बुजवून ते चार ते सहा आठवडे ठेवावे, वरच्या थरातील तणांचे बी त्या उष्णतेने मरते.

उत्तर (जालना)
गाजरगवताबद्दल लिहितो. फुले येण्यापूर्वी, ओल असताना ते मुळासकट उपटावे, कारण एकच झाड हजारो बिया टाकते. त्याने अंगाला खाज सुटते व दम्याचा त्रास वाढतो, म्हणून हातमोजे घालावेत, नाकाला रुमाल बांधावा आणि मुलांना हे काम देऊ नये. फुलोऱ्यात न आलेल्या झाडांचे कंपोस्ट करता येते. पावसाळ्यात पानांवर पांढुरके, काळ्या नागमोडी रेघांचे मेक्सिकन भुंगे दिसल्यास त्यांना मारू नये. गाजरगवत खाण्यासाठीच ते 1984 मध्ये भारतात सोडण्यात आले. कुंपणालगत पावसाच्या तोंडावर तरोट्याचे बी फोकावे, म्हणजे त्याच्या दाटीत गाजरगवताला जागा उरत नाही.