कोणत्या गेमनं खरोखर घाबरवलं? अनुभव सांगा

मंडळी, भुताखेताच्या गोष्टी आपल्याकडं गावोगावी आहेत, पण मला गेमबद्दल ऐकायचंय. नुसतं नाव टाकू नका, कुठं बसून खेळत होता, किती वाजले होते, लाईन होती का गेलेली, सगळं लिहा.

माझा ग्रॅनी, मोबाईलवरचा गेम. 2018 चा उन्हाळा, दर्यापूरकडं मामाच्या गावी होतो, सगळे अंगणात बाजा टाकून झोपलेले अन मी आत एकटाच हेडफोन लावून. बंद घरातून पाच दिवसांत सुटायचं असते, अन आपल्याला कोंडून ठेवणाऱ्या त्या बुढीचे कान असे तिखट की हातातली वस्तू पडली, पायाखाली फळी करकरली तरी येते. मी गेममधे पलंगाखाली लपलो होतो, तिचे पाय समोर दिसून रायले होते, अन तेवढ्यात आमच्या स्वयंपाकघरात मांजरानं गंज पाडला. श्वासच अडकला माझा, वाटलं हिनं ऐकलं आता. मग खरीच काठी वाजली टक टक, दारात आजी, "काहून रे बाप्पा, झोपला नाई का अजून?" मी तिच्या तोंडाकडं पाहूच शकलो नाही. तिनं पाणी दिलं, डोक्यावरून हात फिरवला, तरी अंग थरथरतच होतं. आजी आता नाही, ते आठवलं की वाईट वाटते.

—

एलियन आयसोलेशन, 2014 चा. आम्ही ब्रम्हपुरीकडचे, जंगल दारातच. त्या गेममधला एलियन मरतच नाही, आग दाखवली तर तेवढ्यापुरता पळते. नंतर वाचलं की त्याला चालवणारे प्रोग्रामचे दोन भाग आहेत, एकाला तुम्ही कुठं आहात ते कायम माहीत असते पण तो एलियनला नुसता अंदाज देतो, शोधायचं काम एलियननं स्वतःच पाहून-ऐकून करायचं. म्हणून तो जवळपास फिरत राहते अन कधी येईल ते सांगता येत नाही. लॉकरमधे श्वास रोखून उभं राहायचं, जवळपासची हालचाल दाखवणाऱ्या हातातल्या ट्रॅकरची टिकटिक. माझे बाबा ढोरं घेऊन जंगलात जातात, ते म्हणतात वानरं खाकरली की वाघ कोणत्या अंगाला आहे ते तरी समजते, वानरं गप झाली की पाय उचलत नाही. गेम खेळताना मला पहिल्यांदा त्यांचं बोलणं कळलं. त्या रात्री मी लॅपटॉप बंद करून बाबांजवळ जाऊन झोपलो, 20 वर्षांचा होतो.

—

दादा, अ‍ॅम्नेशिया राहिला की! पाणी भरलेलं तळघर, त्यातला राक्षस दिसतच नाही, नुसते पाण्यावर पाय उमटतात फच फच करत, अन आपण पेट्यांवरून उड्या मारत पळायचं. हातात हत्यार काहीच नाही. आमच्या शेतात मोटरची लाईन रात्रीची असायची, बाबांसोबत विहिरीवर मीच जायची बॅटरी घेऊन. गेम खेळल्यावर आठ दिवस पाटात बेडकानं उडी मारली तरी मी बाबांचा शर्ट धरायची.

—

पी.टी. 2014 मधे नागपूरला भावाकडं पीएसफोरवर (प्लेस्टेशन 4) खेळलो, पुढच्या वर्षी कोनामी कंपनीनं स्टोअरवरून काढूनच टाकला. एकच बोळ, दार उघडून पुढं गेलं की परत तोच बोळ, फक्त काहीतरी बदललेलं. हा तर सरळ सरळ चकवा! आबाजी सांगायचे, चकवा लागला की फिरू नको, खाली बस, बिडी पेटव, उजाडू दे. गेममधे बसायची सोय नाही न, चालतच राहा लागते.

—

मी आई म्हणून लिहिते. माझा सात वर्षांचा पोरगा मोठ्या भावाच्या मोबाईलवर ग्रॅनीचे व्हिडिओ पाहायचा, रात्री न्हाणीत एकटा जाईना. रागावून काही झालं नाही. मग एक दिवस त्याला मांडीवर घेतलं अन आवाज बंद करून तोच व्हिडिओ दोघांनी पाहिला. आवाज नसला की ती बुढी नुसती इकडून तिकडं चालताना दिसते, तो म्हणे, "माय, हिचे गुडघे दुखत असतीन का?" न्हाणीचा बल्ब मात्र अजून रातभर चालू ठेवा लागते.