काळ्या गाडीला वॅक्स कोणतं? बोअरचं पाणी, धूळ आणि उन्हाळा

मांजराकाठ (लातूर)
गाडी काळी, साधा रंग, मेटॅलिक नाही. अंगणात उभी असते, वर शेड नाही, दुपारभर ऊन. धुवायला बोअरचंच पाणी. बॉनेट आणि छतावर पांढरे गोल डाग पडायलेत आणि उन्हात बघितलं की बारीक गोल ओरखड्यांची जाळी दिसायली. दुकानदार दोन डबे दाखवायलाय: एक कार्नोबा पेस्ट, दुसरं काळ्या रंगाचं ब्लॅक वॅक्स. ब्लॅक वॅक्सनं ओरखडे जातात म्हणतोय. आपल्याकडच्या उन्हात कोणतं टिकेल? आणि वर्षातून किती वेळा लावावं लागेल?

बालाघाट
दादा, दोन्ही डबे सध्या राहू द्या. तुमच्या गाडीला सिंथेटिक पॉलिमर सीलंट घ्या, लिक्विड. म्हणजे मेणाऐवजी रंगावर संरक्षक थर धरणारं कृत्रिम रसायन.

कार्नोबा म्हणजे ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरचं मेण. ते स्वतः ८२ ते ८६ अंशांना वितळतं, पण नुसतं कार्नोबा दगडासारखं कडक असतं, लावता येत नाही. म्हणून डब्यात तेलं, सॉल्व्हंट आणि बऱ्याचदा मऊ मेणं मिसळलेली असतात. मधमाशीचं मेण तर ६२-६४ अंशांनाच वितळतं. एप्रिल-मेमध्ये हवा ४२-४३ अंशांवर असताना उघड्यावरच्या काळ्या गाडीचं छत ७० अंशांच्या पुढे जातं. हा मऊ भाग आधी जातो, तोवर चिकटपणामुळे धूळ धरून ठेवतो, आणि काळ्यावर ती धूळ लगेच दिसते. उन्हाळ्यात कार्नोबा महिना-दीड महिना टिकलं तरी पुष्कळ. चांगलं सीलंट उघड्यावरसुद्धा ४-५ महिने काम देतं. म्हणजे वर्षातून तीनदा: मार्चच्या सुरुवातीला ऊन तापायच्या आधी, जूनच्या अखेरीस, आणि पाऊस संपल्यावर दसरा-दिवाळीच्या सुमारास. कार्नोबाची ओली, खोल चमक हवीच असेल तर सीलंट २४ तास वाळू द्या, मग त्यावर कार्नोबा लावा. उलट करू नका, मेणाच्या तेलावर सीलंट धरत नाही.

ओरखड्यांचं म्हणाल तर ते बहुतेक गाड्यांत रंगात नसतात, वरच्या पारदर्शक क्लिअर कोटमध्ये असतात. हा थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ब्लॅक वॅक्समधला रंग आणि फिलर (चरा भरणारा मसाला) त्या चरांत बसतो, चार धुण्यांत निघून जातो आणि जाळी परत दिसते. ती खरी काढायची तर बारीक फिनिशिंग पॉलिश, मऊ फोमचा पॅड आणि ड्युअल ॲक्शन मशीन (पॅड गोल फिरतो आणि हलतोही) लागतं. रोटरी मशीनवर (पॅड एकाच जागी गरगर फिरतो) लोकरी पॅड आणि रबिंग कंपाउंड मारणाऱ्याकडे काळी गाडी देऊ नका. त्या दिवशी चमकते, पण उन्हात फिरत्या रेघा दिसतात आणि क्लिअर कोट कायमचा पातळ होतो.

जाळी कशानं पडते तेही बंद करा: सकाळी कोरड्या फडक्यानं किंवा झाडणीनं धूळ झटकणं. धूळ असलेल्या गाडीवर कव्हर ओढलं तरी वाऱ्यानं तेच होतं. डिझेलचा बोळा फिरवून चमक आणायची सवय तर पूर्ण सोडा, त्यानं असलेलं वॅक्सही निघतं आणि तेलकट थर मागं राहतो.

स्टीलपट्टा_जालना
वरचं बरोबर. पण सीलंट लावायच्या आधी रंग खरंच स्वच्छ आहे का ते बघा. गाडी धुऊन वाळवा, हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवर बोटं फिरवा. खरखर लागली तर रंगात कण रुतलेत. रोलिंग मिल, रेल्वे रूळ, वर्कशॉप जवळ असेल तर ते लोखंडाचे असतात. आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण विरघळवणारा स्प्रे) सावलीत, गार पत्र्यावर मारा, ३-४ मिनिटांत जांभळं ओघळायला लागेल, वाळायच्या आत भरपूर पाण्यानं धुवा. उरलेली खरखर क्ले बारनं (रुतलेले कण ओढून काढणारा मऊ मातीसारखा गोळा). ५० ग्रॅमचा तुकडा पुरतो, शॅम्पूच्या पाण्यानं पत्रा सतत ओला ठेवायचा, दाब न देता सरळ रेषेत फिरवायचं. तुकडा जमिनीवर पडला तर फेकून द्या, धुऊन वापरू नका. एक खडा चिकटला तरी काळ्यावर रेघ काढतो.

ऊस गाळपाच्या हंगामात कारखान्याच्या चिमणीची काजळी बसते, तिलाही हात लावू नका. आधी पाण्यानं उडवा.

अजिंठारोड
पांढरे डाग क्षारांचे आहेत, बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम. पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं करा. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर चालतं, ॲसिडची बाटली मात्र उचलू नका. गार पत्र्यावर ओलं फडकं एक मिनिट ठेवा, पुसा, लगेच धुवा. त्यानं जुनं वॅक्सही जातं, म्हणून हे सीलंटच्या आधीच उरका. तरी कडा दिसत राहिल्या तर क्षारांनी क्लिअर कोट खाल्लाय, तिथं पॉलिशच लागेल.

पाणी वाचवायचं म्हणून लोक आरओचं वाया जाणारं पाणी वापरतात. गाडीला ते चालत नाही, त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. कूलरच्या टाकीतलं तर त्याहून वाईट, पाणी उडून जातं आणि क्षार मागं साठत जातात. शेवटच्या धुण्याला एसीचं ठिबकणारं किंवा पत्र्यावरून धरलेलं पावसाचं पाणी, कापडातून गाळून. आणि सीलंट लावलेल्या गाडीवर पाण्याचे थेंब गोल उभे राहतात, ते उन्हात तसेच वाळू दिले तर डाग आणखी ठळक पडतात. धुतल्या धुतल्या टिपून घ्यायचं. टँकरचे दिवस असतील तर रिन्सलेस वॉश (नंतर पाण्यानं धुवावं न लागणारं द्रावण) वापरा, एका बादलीत गाडी होते. चिखल असेल तेव्हा मात्र नको.

मांजराकाठ (लातूर)
समजलं. आता लावायचं कसं? मागं पेस्ट लावली तेव्हा पांढरं फासल्यासारखं राहिलं होतं, बंपरच्या काळ्या प्लास्टिकवर तर अजून दिसायलंय.

बालाघाट
जास्त लावल्यानं आणि तापल्या पत्र्यावर लावल्यानं तसं होतं. पहाटे सावलीत करा, पत्र्याला हात लावला तर गार वाटला पाहिजे. पाण्यात १५ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल मिसळून एकदा पुसून घ्या म्हणजे तेल राहणार नाही. सगळ्या काळ्या प्लास्टिकच्या कडांना मास्किंग टेप मारा. फोम ॲप्लिकेटरवर वाटाण्याएवढे ३-४ थेंब, एका वेळी अर्धं बॉनेट. अख्ख्या हॅचबॅकला ३० मिलीच्या वर लागत नाही. थर इतका पातळ हवा की तिरपं बघितल्यावरच दिसेल.

बाटलीवर लिहिलेला वेळ थांबा, मग बोटानं एक रेघ ओढा. रेघ स्वच्छ, चकचकीत निघाली तर पुसायला घ्या, फासली तर अजून थांबा. ३५० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) आसपासची दोन मायक्रोफायबर फडकी: पहिल्यानं थर उचला, दुसऱ्या कोरड्यानं चमक काढा. काळ्यावर एकाच फडक्यानं केलं की ढगाळ पट्टे उरतात. तरी उरले तर संध्याकाळी डिस्टिल्ड वॉटरनं जेमतेम दमट केलेलं फडकं फिरवा. बाकी १२ तास पाणी लागू देऊ नका.

प्लास्टिकवरचं जुनं पांढरं: ऑल पर्पज क्लीनर एकास दहा पाणी, मऊ टूथब्रश, हलक्या हातानं घासून लगेच पुसा. टेप मारायच्या आधी हे करून घ्या, क्लीनर शेजारच्या रंगावर गेला तर नवं सीलंट निघेल.